मी ओळखलेला माणूस

माझी स्मरणशक्ती चांगली आहे, असं लोकांनी मला इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटू लागलं. सव्वीस वर्षं मी शाळेत शिकवलं. पटावरची सगळी नावं पहिल्याच आठवड्यात पाठ व्हायची. बाजारात एखादा मिशीवाला गडी "ओळखलं का मॅडम" म्हणत समोर उभा राहिला, तर मी त्याचं नाव तर सांगायचेच, शिवाय तो कोणत्या बाकावर बसायचा आणि कोणाच्या डब्यातलं चोरून खायचा तेही सांगायचे. तो खूश व्हायचा, मी त्याहून खूश. या खुशीनं पुढे एका माणसाचे चौदा महिने खाल्ले. ती गोष्ट मी आता लिहून काढते आहे, कारण आमच्या पांढुर्ण्यात ती तीन-चार प्रकारे सांगितली जाते. एका प्रकारात मी शूर आहे, एका प्रकारात मी विकली गेले. मी मूर्ख होते असं मात्र कोणीच सांगत नाही, म्हणून ते मीच सांगते.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच हिवाळ्यातली गोष्ट. सौंसरजवळ बोरगावला माझ्या नवऱ्याच्या मावसभावाकडे मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. जेवणं उशिरा झाली आणि आम्ही चारच्या सुमारास मोटरसायकलनं परत निघालो. मोठ्या रस्त्यावर ट्रक फार असतात म्हणून नवऱ्यानं आतला रस्ता धरला. मला तो रस्ता आवडतो, किंवा आवडायचा. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आंबिया बहाराची तोड चालू, झाडाखाली बायका संत्री निवडत बसलेल्या. एका वळणावर, लहानशा पुलापाशी, रस्त्यात आडवी मोटरसायकल पडलेली दिसली आणि शेजारी बसलेली दोन माणसं. कोणी पडलं असेल म्हणून नवऱ्यानं गाडी हळू केली. त्यातला एक जण उठून सरळ आमच्याकडे आला. त्याच्या हातात कोयता होता.

त्या कोयत्याचं मी काहीही सांगू शकते. मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिचं एक टोक सुटून लोंबत होतं. पात्याच्या टोकाजवळ एक खाच पडली होती. धार नुकतीच लावलेली होती, कारण कडेची रेघ तेवढी पांढरी चमकत होती. तो कोयता माझ्या गळ्यापासून हातभर अंतरावर होता आणि मी त्याच्याकडेच पाहत होते. माझ्या गळ्यातली पोत ओढली गेली, खांद्यावरची पर्स गेली. नवऱ्यानं त्या माणसाचा हात धरायला पाहिलं, तेव्हा कोयत्याची उलटी बाजू त्याच्या डोक्यात बसली आणि तो पुलाच्या कठड्यावर आपटला. सगळं मिनिटभरात आटोपलं. त्या माणसाच्या तोंडाला रुमाल होता की नव्हता, हेही मी आज शपथेवर सांगू शकत नाही.

मग बागेतून माणसं धावत आली. एकानं नवऱ्याला उचललं, त्याच्या डोक्याला काहीतरी बांधलं, संत्र्याचे क्रेट नेणारा एक पिकअप थांबवून आम्हाला दोघांनाही त्यात घातलं. तो एक म्हातारा होता, पांढऱ्याशुभ्र मिशांचा, एखाद्या भल्या आजोबांसारखा. असं मला पुढे सव्वा वर्ष अगदी पक्कं आठवत होतं. असा कोणीही म्हातारा तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. नवरा शुद्धीवर यायचा होता. मी बाकावर बसून आमच्या बोलीत सांगत होते आणि ठाण्याचा मुन्शी हिंदीत लिहीत होता. आमच्याकडे बोलणं मराठीत आणि सरकारी कागद हिंदीत, हे असंच चालतं, त्यात कोणाला नवल वाटत नाही. मी म्हटलं, "मले असं वाटते का उंच होता, सावळा होता." त्यानं लिहिलं, ऊंचा कद, सांवला रंग. वाटतं हा शब्द त्याच्या कागदावर आलाच नाही. मी तेव्हा त्याला अडवलंही नाही. त्यानं विचारलं, "कोई निशानी?" मी डोळे मिटले. मला एक कपाळ दिसलं, अगदी जवळ, डाव्या भुवईच्या वर खोक पडल्याचा जुना आडवा वण. "कपाळावर खोक हाय," मी म्हटलं. शेवटी त्यानं स्वतःच एक वाक्य घातलं, सामने आने पर पहचान लूंगी, आणि सही घेतली.

कपाळावर खोक! पांढुर्ण्याला बत्तीस वर्षं नांदलेल्या बाईनं ही खूण सांगावी, याचा मला आज इतका राग येतो की काय सांगू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार असते. जाम नदीच्या या काठावरून पांढुर्णा आणि त्या काठावरून सावरगाव, नदीत रोवलेल्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. दोन्ही गावांत पुरुषाच्या डोक्यावर वण नसेल तर त्याला लोक चिडवतात की तू त्या दिवशी मामाच्या गावाला जात होतास का. माझ्या नवऱ्याच्या हनुवटीवर वण आहे, दिराच्या टाळूवर आहे. जबाब लिहिणाऱ्या मुन्शीच्याही कपाळावर एक होता आणि तो बिचारा मान खाली घालून माझी खूण लिहून घेत होता.

पण मी सौंसरची. आमच्याकडे गोटमार नाही. हे स्थळ आलं तेव्हा माझी आई पहिलं वाक्य बोलली ते हे, "पांढुर्ण्याचे? दगडं मारते ते लोकं." लग्नानंतर मी दर वर्षी त्या दिवशी दार लावून घरात बसत आले. बत्तीस वर्षांत सवय झाली असं मी सगळ्यांना सांगायचे. सवय झाली नव्हती. माझ्या डोक्यात वाईट माणूस म्हटलं की कपाळावर वण असलेलाच माणूस यायचा, आणि घाबरलेल्या डोक्यानं तोच उचलला.

नवरा बारा दिवसांनी घरी आला. उजवा हात कमजोर झाला, चक्कर येते म्हणून गाडी कायमची सुटली, आणि त्या दिवसाचं त्याला साक्षगंधाच्या जेवणातल्या वरण-बट्टीपर्यंतच आठवतं. त्याच्या वाट्याचं आठवण्याचं कामही माझ्याकडे आलं. भेटायला येणारी माणसं संपेनात. चहा व्हायचा आणि मग कोणीतरी म्हणायचं, "काय झालं होतं बाई, सांगा तं खरं." मी सांगायचे. पहिल्या दिवशी मी अडखळत सांगितलं. आठवड्याभरात मला त्याची चांगली लय सापडली. जाऊ म्हणाली, "डोये लाल असतीन मेल्याचे, पेलेला असन." त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून त्याचे डोळे लाल होते. शेजारीण म्हणाली की असे लोक आधी हसतात. मग तो हसलाही. मी खोटं बोलत नव्हते. मला ते खरोखरच दिसायचं, लाल डोळे आणि हसू, दोन्ही. वर्गात एक धडा वीस वर्षं शिकवला की पुस्तक न उघडता येतो, तसा हा धडा मला महिन्याभरात यायला लागला.

तेवढ्यात पोलिसांनी एकाला पकडलं. त्या दिवशी त्या बागेत संत्रा तोडायला कोण कोण होतं याची चौकशी करताना तो सापडला. सावरगावचा होता, म्हणजे नदीपलीकडचा, माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवरचा. डाव्या भुवईवर वण. घरी शर्ट सापडला, त्यावर रक्ताचे डाग, धुऊनही न गेलेले. तो म्हणत होता की मी साहेबाला उचललं, ते रक्त त्यांचंच आहे. रक्त माझ्या नवऱ्याचंच निघालं. बागेतले बाकीचे आणि पिकअपवालाही पोलिसांच्या भीतीनं आम्ही काही पाहिलंच नाही म्हणाले. दिरानं मला येऊन सांगितलं, "वैनी, म्हन्ते का म्याच उचललं. पाहा बरं हिंमत." मी म्हटलं, उचलणारा तर म्हातारा होता, पांढऱ्या मिशांचा. दीर म्हणाला, हे पोलिसांना सांगा. मी सांगितलं.

ओळख परेड जेलमध्ये झाली. तहसील कचेरीतले एक अधिकारी होते, त्यांनी सगळं नियमानं केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नऊ माणसं एका ओळीत उभी होती, साधारण एका उंचीची, एका वयाची. वणावरून ओळखता येऊ नये म्हणून नऊही जणांच्या कपाळावर कागदाची पांढरी पट्टी चिकटवलेली होती. मला सांगितलं की ज्याला ओळखाल त्याच्या डोक्याला हात लावा.

मला दोन मिनिटंही लागली नाहीत. सहाव्या माणसापाशी आले आणि थांबले. हे डोळे, ही नाकाची ठेवण, हा खालचा जाडसर ओठ मी अगदी जवळून पाहिलेला होता, त्यात तिळमात्र शंका नव्हती. आजही नाही. चेहरा मी बरोबर ओळखला. तो कोणत्या वेळेचा चेहरा आहे, हे मी चुकले. कोयता गेल्यानंतर जो पहिला चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला, तो मी कोयत्याला जोडून टाकला होता. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझं अंग थरथरतंय, आणि अंग उगाच कशाला थरथरेल? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं होतं. मला वाटलं, काय निर्ढावलेला आहे. आता मला वाटतं की त्याला मी ओळखलं याचा आनंद झाला असावा. त्याला वाटलं असेल, बाई आली, आता बाई सांगेल.

कोर्टात माझी साक्ष व्हायला वर्ष उलटलं. मी इस्त्रीची सुती साडी नेसून गेले आणि ताठ उभी राहून, शुद्ध हिंदीत, एकही शब्द न अडखळता सांगितलं. सरकारी वकील नंतर बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, सगळे साक्षीदार तुमच्यासारखे असते तर आमचं काम किती सोपं झालं असतं." मी शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी लाजले, हे लिहिताना मला माझीच किळस येते.

उलटतपासणीला आरोपीचा वकील उभा राहिला होता, सरकारनं दिलेला, नवखा. त्यानं मला विचारलं, ज्यानं तुमच्या पतीच्या डोक्याला आपल्या खांद्यावरचा दुपट्टा बांधला तो हाच ना? मी म्हटलं, नाही, तो म्हातारा होता. त्यानं विचारलं, त्या पांढऱ्या दुपट्ट्याला एका कोपऱ्यात बिडीनं भोक पडलं होतं आणि ते लाल दोऱ्यानं रफू केलेलं होतं, आठवतं का? मी म्हटलं, असं काहीही नव्हतं. "पक्कं?" "पक्कं," मी म्हटलं. आरोपी खाली पाहत होता.

घरी आले ती रागातच. दोन कवडीचा पोरगा मला खोटं पाडायला निघाला होता. दवाखान्यातून नवऱ्याचे रक्तानं भरलेले कपडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले होते. ते धुवायचे की जाळायचे हे कोणीच ठरवलं नव्हतं, म्हणून जावेनं ती पिशवी गाठ मारून माळ्यावर टाकून दिली होती. मी शिडी लावून ती खाली काढली. त्या वकिलाला खोटं ठरवायचं, एवढाच माझा हेतू होता. नवऱ्याचा शर्ट निघाला, बनियन निघालं, आणि त्याखाली वाळून पापडासारखा कडक झालेला एक पांढरा दुपट्टा निघाला. तो आमच्या घरातला नव्हता. मी तो बादलीभर पाण्यात बुडवला आणि पहिला कोपरा पाहिला, दुसरा पाहिला. तिसऱ्या कोपऱ्यात लाल दोरा होता, बारीक, नीट टाक्यांचा.

त्यानंतर मला सगळं आठवलं असं मी म्हणणार नाही. त्या शब्दाची मला आता भीती वाटते. एवढंच सांगते की त्या म्हाताऱ्याच्या मिशा मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. खूप प्रयत्न केला, दिसल्या नाहीत. मदत करणारा माणूस जसा असावा असं मला वाटत होतं तसा मी तो बनवला होता, आणि मारणारा जसा असावा असं वाटत होतं तसा दुसरा. दोघांना पुरेल एवढा एकच खरा माणूस मी तिथे जवळून पाहिला होता, आणि तो माझ्यामुळे जेलमध्ये होता.

हे कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात धावत गेले असेन असं तुम्हाला वाटत असेल. मी एकोणीस दिवस घरात बसले. दुपट्टा वाळवून, घडी घालून, गव्हाच्या कोठीमागे लपवला. पोळ्या केल्या, नवऱ्याला गोळ्या दिल्या, नातीचा अभ्यास घेतला. लोक काय म्हणतील, कोर्ट मलाच आत टाकेल का, पेन्शन बंद होईल का, हे सगळे विचार केले. त्या एकोणीस दिवसांची चूक मी डोळ्यांवर किंवा भीतीवर ढकलू शकत नाही. भीती होतीच, पण या वेळी मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

विसाव्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं दुपट्टा हातात घेतला, उलटापालटा केला. मला वाटलं तो म्हणेल की चल, आत्ता चल.

"मंग मले मारलं कोनं?" तो म्हणाला.

"ते मले नाई माहीत."

"नाई माहीत म्हन्जे? सव्वा वर्ष झालं मी त्याले शिव्या देऊन राहिलो. रोज. हा हात उचलत नाई तवा त्याचं तोंड पाहतो मी डोयापुढं. आता तू म्हन्तं तो नोयच?"

"मीच दाखवलं होतं तुमाले ते तोंड."

"मंग दुसरं दाखव," तो म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला लग्नानंतर प्रथमच रडताना पाहत होते. त्याच्यापाशी शत्रू तरी होता, मी तोही काढून घेतला. त्यानं मला अडवलं नाही, पण माझ्यासोबत आलाही नाही. दिरानं मात्र दारात उभं राहून ऐकवलं, "एकडाव सांगतलं ना कोर्टात, झालं आता. पलटल्या तं सावरगाववाल्यायनं विकत घेतलं म्हन्तीन लोकं." तो स्वतःच ते पहिल्यांदा म्हणाला आणि मग लोकही म्हणाले.

सरकारी वकिलांकडे गेले तेव्हा त्यांनी दुपट्ट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, मॅडम, तुम्ही होस्टाइल व्हाल, फितूर साक्षीदार ठराल, विचार करा. मी तिथून त्या नवख्या वकिलाकडे गेले. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्यानं अर्ज केला आणि कोर्टानं मला पुन्हा बोलावलं.

या वेळी मला हिंदी सुचेना. शब्द मागेपुढे होत होते. सरकारी वकिलांनी विचारलं, मागच्या वेळी तुमची खात्री होती? होती. आज आहे? मी म्हटलं, दुपट्ट्याची आहे, चेहऱ्याची आता कशाचीच नाही. म्हणजे कोयतावाला हाच असूही शकतो? मी म्हटलं, मी कोयतावाल्याचा चेहरा पाहिलाच नाही, मी कोयता पाहिला. लोक हसले. मग मी वेड्यासारखी कोयत्याच्या मुठीवरची काळी पट्टी, पात्यावरची खाच सांगत सुटले, आणि कोयतावाल्याबद्दल तेवढंच त्या दोन साक्षींत मिळून माझ्या तोंडून खरं निघालेलं होतं. ते कोणी लिहून घेतलं नाही. खोटं सांगताना मी ताठ होते म्हणून सगळ्यांनी मान डोलावली, आणि खरं सांगताना माझी जीभ अडखळली म्हणून सगळ्यांना मी फितूर वाटले.

तो सुटला. संशयाचा फायदा देऊन सुटला, त्यानं काही केलं नव्हतं म्हणून नाही. आमच्याकडे या दोन गोष्टींतला फरक संत्रा-बाजारातल्या हमालालाही कळतो. चौदा महिने झाले होते. त्याची तोडणाऱ्यांची टोळी दुसऱ्या मुकादमाकडे गेली होती. ज्या बागेत तो आठ वर्षं तोडीला जायचा, त्या बागेच्या मालकानं त्याला फाटकावरूनच परत पाठवलं, हे मला नंतर कळलं. खरे दोघं आजतागायत सापडले नाहीत. कोणी शोधतही नाही.

महिन्याभरानं मी सावरगावला गेले. नदीवरचा पूल ओलांडायला मला बत्तीस वर्षांत जेवढा वेळ लागला नव्हता तेवढा त्या दिवशी लागला. दुपारची वेळ होती. दार उघडंच होतं. त्याच्या बायकोनं मला ओळखलं, आणि तरी तिनं पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. तो भिंतीला टेकून बसलेला होता. उठायला गेला, मी नको म्हटलं. मी घरून वाक्यं पाठ करून आले होते, ती सगळी गेली.

"माह्यं चुकलं," मी म्हटलं. "लय मोठं चुकलं."

त्यानं तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "तुमचं काय चुकलं मॅडम? तुमाले माहा चेहरा बराबर याद रायला. चुकलं माह्यं. मी जवळ आलो."

त्याच्या आवाजात राग असता तर मी कृतज्ञ झाले असते. तो एखाद्या गोष्टीचा हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसा शांतपणे बोलला. मी रडले. रडून त्याच्यावर आणखी एक ओझं घालते आहे हे कळत होतं, तरी रडले. त्याची बायको चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात बाहेर गल्लीत धाडकन आवाज झाला. एक म्हातारा सायकलवरून पडला होता, हँडलला लावलेली दुधाची कॅन घरंगळत नालीत गेली होती आणि तो एका कुशीवर कण्हत पडला होता. दारातून सगळं दिसत होतं. मी भिंतीला टेकून बसलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. जवळजवळ दीड वर्षाआधी संत्र्यानं भरलेली पाटी टाकून धावत आलेला हाच माणूस. त्याची बोटं जमिनीवर दाबली गेली, नखं पांढरी झाली. पण तो उठला नाही. त्यानं मान भिंतीकडे वळवली.

त्याची बायको आतून पळत आली आणि थेट बाहेर गेली. तिच्यामागे मी गेले. आम्ही दोघींनी म्हाताऱ्याला धरून बसवलं, कोपर खरचटलं होतं, तिनं पदरानं पुसलं. समोरच्या घरातून दोघं जण आले आणि त्यांनी त्याला सायकलसकट घरी पोचवायला नेलं. आम्ही हात धुऊन आत आलो. तो अजून भिंतीकडेच पाहत होता.

"तुह्याकडं पाह्यलं का त्यानं?" त्यानं बायकोला विचारलं.

"काय?"

"तोंडाकडं पाह्यलं का तुह्या? जवळून?"

"नाई," ती म्हणाली. "खाली पाहून रायला होता. दुधाकडं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि मग त्यानं चहा मागितला.